हॉट क्रॉस बनच्या कृतीत मिनिटांआधी तापमान छापा

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गुड फ्रायडे जवळ आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत हॉट क्रॉस बनची कृती हमखास येते. येते हे चांगलेच. वर पिठाच्या पट्ट्यांचा क्रॉस असलेला हा बन आता वांद्रे, ओरलेम, कलिना, माझगाव इथल्या ख्रिस्ती घरांपुरता उरलेला नाही. दादर-गिरगावच्या स्वयंपाकघरांतही ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, आला आहे आणि मसाल्याच्या वासाचा गोड पाव कोणाला आवडत नाही? अडचण अशी की या बहुतेक कृती इंग्लंडच्या हवेतून जशाच्या तशा उचललेल्या असतात. ‘कोमट दूध घ्या आणि पीठ उबदार जागी दीड तास झाकून ठेवा’ ही सूचना अठरा-वीस अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली आहे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे ओट्याजवळ ३१ ते ३३ अंश सहज असतात. तिथे कोमट दुधात मळलेले पीठ दीड तासात फुगून पुन्हा बसते, त्याला बिअरसारखा वास सुटतो आणि बन चपटे निघतात. मग वाचक यीस्टला दोष देतो किंवा ओव्हनला. प्रत्यक्षात चूक दुधाच्या तापमानात असते.

म्हणून विनंती अशी की कृती छापताना जिन्नस ग्रॅममध्ये द्यावेत, मळून झालेल्या पिठाचे तापमान द्यावे आणि मिनिटांच्या जोडीला पीठ तयार झाल्याची खूण द्यावी. ‘कप’ हे माप तर काढूनच टाकावे. डब्यातून खच्चून भरलेला कपभर मैदा १५० ग्रॅम भरतो, चमच्याने हलका भरलेला १२० ग्रॅम. तीन कपांच्या कृतीत हा फरक ९० ग्रॅमवर जातो आणि तेवढ्याने पीठ एकतर पातळ होते किंवा दगडासारखे घट्ट. घरगुती डिजिटल काटा आता महाग राहिलेला नाही.

मुंबईच्या हवेला जुळणारे प्रमाण असे. १२ बनसाठी मैदा ४०० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, दूध २१० मिली, मध्यम आकाराचे एक अंडे, लोणी ५० ग्रॅम, मसाल्याची पूड ६ ग्रॅम, मनुका-बेदाणे मिळून १२० ग्रॅम, पाकवलेली साल ४० ग्रॅम आणि एका संत्र्याची किसलेली साल. लोणी म्हणून बाजारातले पिवळे खारे बटर वापरणार असाल तर मीठ ५ ग्रॅमवर आणावे. अंडे नको असेल तर त्याऐवजी दूध ४० मिली आणि लोणी १० ग्रॅम वाढवावे. बन थोडा कमी फुलतो, आतून पांढरा दिसतो, चवीत मोठा फरक पडत नाही. मैद्याच्या पिशवीवर शंभर ग्रॅमला प्रथिने किती ते छापलेले असते. १०.५ ते ११ असतील तर उत्तम. ९ च्या आसपास असतील तर दूध २० मिलीने कमी करावे, कारण तो मैदा तेवढे पाणी धरत नाही. ‘पौष्टिक’ म्हणून कणीक घालायची असेल तर १०० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. चक्कीच्या दळणात स्टार्चचे कण जास्त फुटतात, त्यामुळे ते पाणी जास्त पिते, आणि पिठाला ताण देणाऱ्या ग्लुटेनचे धागे कोंडा कापतो. पूर्ण कणकेचा क्रॉस बन म्हणजे गोड भाकरी. तो कोणाला आवडत असेल तर करावा, पण बारा मनुके टाकून त्याला हे नाव देऊ नये.

आता तापमान. या पिठाला मळून झाल्यावर २६ अंश लागतात. दूध किती थंड घ्यायचे ते काढण्याचा बेकरीतला हिशेब साधा आहे: २६ ला तीनने गुणले की ७८ येतात. त्यातून खोलीचे ३२, मैद्याचे ३२ आणि हाताने मळताना वाढणारे साधारण ३ वजा केले की उरतात ११. म्हणजे दूध ११ अंशांचे हवे. फ्रिजमधून काढून दहा मिनिटे ओट्यावर ठेवलेले दूध साधारण तेवढ्यावर येते. मिक्सर-मशीनने मळणार असाल तर घर्षणाने ८-१० अंश वाढतात, तेव्हा दूध थेट फ्रिजमधलेच घ्यावे. अंडे मात्र खोलीच्या तापमानाचे असू द्यावे. सुईसारखे टोक असलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर पिठाच्या मधोमध खुपसून एकदा बघावे. २९-३० दाखवला तर घाबरण्याचे कारण नाही, पण पहिल्या फुगण्याचा वेळ बराच कमी होणार हे तेव्हाच ओळखावे.

थंड दूध घालताना एक पथ्य आहे. इन्स्टंट यीस्ट कोरड्या मैद्यात नीट मिसळून घ्यावे, मगच दूध ओतावे. यीस्टच्या दाण्यांवर थेट थंडगार दूध पडले तर पेशींतली द्रव्ये बाहेर झिरपतात, यीस्ट अशक्त होते आणि पीठ चिकट होते. ज्यांच्याकडे ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट आहे, ज्याचे दाणे जाडसर असतात, त्यांनी ६ ग्रॅम घ्यावे आणि दुधातले ४० मिली वेगळे काढून ४० अंशांवर, म्हणजे बोटाला जेमतेम गरम लागेल इतके करून, चिमूटभर साखरेसह त्यात दहा मिनिटे भिजवावे. फेस आला नाही तर ते यीस्ट मेलेले आहे. पुढे जाऊन मैदा वाया घालवू नये. मीठ आणि यीस्ट एकमेकांना लागता कामा नये, हा नियम बहुतेक कृतींत मोठ्या गांभीर्याने छापलेला असतो. लगेच मळायचे असेल तर त्याने काही बिघडत नाही.

दुधाबद्दल आपली सवय कामाला येते. दूध आपण उकळूनच ठेवतो. कच्च्या किंवा कमी तापवलेल्या दुधातली काही प्रथिने ग्लुटेन सैल करतात. उकळल्याने ती निष्प्रभ होतात. साय तेवढी काढून घ्यावी, नाहीतर तिचे तुकडे पिठात गुठळ्यांसारखे राहतात.

मसाला हा या बनचा जीव, आणि सगळ्यात जास्त गडबडही तिथेच होते. इंग्लंडमध्ये ‘मिक्स्ड स्पाइस’ नावाची तयार पूड मिळते. तिला पर्याय म्हणून गरम मसाला सुचवणे हा अन्याय आहे. जिरे, मिरे आणि मोठी वेलची आली की बनला पुलावाचा वास लागतो. घरी करायला दहा मिनिटे पुरतात: दालचिनी ३ ग्रॅम, धणे १ ग्रॅम, सुंठ १ ग्रॅम, जायफळ अर्धा ग्रॅम, जायपत्री पाव ग्रॅम आणि तीन लवंगा. धणे तेवढे हलके गरम करून घ्यावेत, बाकी काही भाजू नये. सगळे बारीक दळून चाळावे, जायफळ किसून घालावे. हे अर्धे-पाव ग्रॅम घरच्या काट्यावर पकडता येत नाहीत, म्हणून चौपट पूड एकदम करून बाटलीत भरावी आणि त्यातली ६ ग्रॅम वापरावी. वेलची घालायची का, यावर दोन मते आहेत. माझ्या मते नको. ती आली की बन नानकटाईच्या वाटेला लागतो.

दालचिनी घेताना डोळे उघडे ठेवावेत. वाण्याकडे दालचिनी म्हणून मिळणारी जाड, कडक, एकाच सालीची, लालसर तपकिरी काडी बहुतेक वेळा तज असते. तिचा वास तीव्र आणि किंचित जळजळीत असतो. खरी दालचिनी पातळ सालींच्या कित्येक थरांची सुरळी असते, रंगाने फिकी, हाताने चुरडता येणारी, गोडसर वासाची. ती फक्त श्रीलंकेहूनच येते असे नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात खऱ्या दालचिनीचीच आहे, आणि नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून ती लावतात. जायफळ-जायपत्रीही त्याच बागांत होते. लालबागच्या मसाला गल्लीत किंवा मशीद बंदरला मागितले तर दोन्ही प्रकार समोर ठेवतात. वास घेऊन निवडावे. तज वापरायची तर ३ ऐवजी २ ग्रॅमच घ्यावी.

इंग्लंडच्या मिश्रणात ऑलस्पाइस असतो. कोकणातले बागायतदार त्याला सर्वसुगंधी म्हणतात. कबाबचिनी मागितली तर काही दुकानांत त्याची फळे मिळतात, काही दुकानांत कंकोळ. मिऱ्याएवढ्या दाण्याला शेपटीसारखा देठ दिसला तर ते कंकोळ समजावे आणि परत करावे, त्याने बन कडवट होतो. सर्वसुगंधी मिळाले तर वरच्या मिश्रणात अर्धा ग्रॅम घालून लवंग एकने कमी करावी. नाही मिळाले तर काही अडत नाही, कारण लवंग आणि ऑलस्पाइस यांच्या वासामागचे मुख्य द्रव्य एकच, युजेनॉल.

हेच युजेनॉल, आणि दालचिनीतले सिनामाल्डिहाइड, यीस्टला मारक आहेत. पिढ्यान्‌पिढ्या लोणच्या-मुरांब्यांत हे मसाले घालतात ते काही उगीच नाही. त्यामुळे ‘वास छान यावा’ म्हणून मसाला दुप्पट केला तर पीठ फुगायला बराच जास्त वेळ घेते किंवा अर्धवटच फुगते. त्यात मैद्याच्या १५ टक्के साखर आहे, तीही यीस्टच्या पेशींतले पाणी ओढते. १० टक्क्यांच्या पुढे साखर गेली की साधे यीस्ट मंदावते. गोड पिठांसाठीचे वेगळे यीस्ट मिळाले तर तेच घ्यावे. साध्या यीस्टनेही काम होते, उपाय एवढाच की पूड मैद्यात न घालता मऊ लोण्यात कालवून ठेवावी आणि ती लोण्याबरोबर शेवटी पिठात जावी. मसाल्यातली सुगंधी तेले लोण्यात विरघळतात, वास बनभर पसरतो आणि यीस्टला सुरुवातीचा वेळ मोकळा मिळतो.

मनुका कोरड्याच घातल्या तर त्या पिठातले पाणी शोषून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी बन कोरडा लागतो. सांगली-तासगावचे बेदाणे उत्तम असतात, पण सोनेरी बेदाण्यांवर गंधकाची प्रक्रिया केलेली असते, म्हणून आधी कोमट पाण्यात धुऊन ते पाणी फेकावे. मग गरम कोऱ्या चहात वीस मिनिटे भिजवावेत, निथळावेत आणि फडक्यावर पसरून अर्धा तास कोरडे करावेत. हा अर्धा तास लोक वाचवतात. ओले बेदाणे पिठात घसरतात, त्यांच्याभोवती चिकट कच्चे खळगे राहतात आणि बनचा तळ ओला निघतो.

पाकवलेली साल म्हणून दुकानातली टुटीफ्रुटी घालू नये. ती कच्च्या पपईची असते. रंग आणि साखर यांपलीकडे तिच्याकडे देण्यासारखे काही नाही. संत्र्याची साल पातळ असते, तिच्यापेक्षा पपनस, मोसंबी किंवा महाळुंगाची जाड साल बरी. पाव सेंटीमीटर जाडीच्या पट्ट्या कापून तीन वेळा उकळाव्यात, दर वेळी दहा मिनिटे, दर वेळी पाणी फेकून. कडूपणा त्या पाण्याबरोबर जातो. मग सालीच्या वजनाइतकी साखर आणि तेवढेच पाणी घालून मंद आचेवर साल पारदर्शक दिसेपर्यंत, साधारण पाऊण तास, शिजवावी. पाक घट्ट होत आला की ढवळत राहावे, खाली लागतो. जाळीवर रात्रभर सुकवून बारीक चिरावी. उरलेली बाटलीत महिनाभर राहते आणि नाताळच्या केकला उपयोगी पडते. तो उरलेला पाकही फेकू नये, त्याचे काम शेवटी आहे.

मळण्याचा क्रम: मैदा, यीस्ट, साखर, मीठ, मग अंडे आणि १९० मिली दूध. उरलेले २० मिली हाताशी ठेवावे. कोरडा मैदा दिसेनासा झाला की झाकून वीस मिनिटे सोडून द्यावे. एवढ्याने निम्मे मळणे आपोआप होते. मग सहा-सात मिनिटे मळून घट्टपणा बघावा, लागेल तसे उरलेले दूध शिंपडावे. पीठ पुरीच्या कणकेपेक्षा बरेच सैल आणि हाताला किंचित चिकटणारे हवे. चिकटते म्हणून वरून मैदा भुरभुरवत राहणे ही सगळ्यात सामान्य चूक. असे पन्नास ग्रॅम कधी जातात ते कळतही नाही. त्याऐवजी पंजाला थोडे पाणी किंवा तेल लावले की पुरते. आता मसाल्याचे लोणी तीन-चार भागांत घालावे. लोणी दाबल्यावर खळगा पडेल इतपत मऊ असावे, पातळ नसावे. मुंबईत ते ओट्यावर पंधरा मिनिटांत वितळू लागते, म्हणून फ्रिजमधून काढून लगेच मसाल्यात कालवून घ्यावे. लोणी घातल्यावर पीठ फाटल्यासारखे दिसते. घाबरून मैदा घालू नये, चार-पाच मिनिटांत ते पुन्हा एकजीव होते. छोटा गोळा दोन्ही हातांनी ताणला असता न फाटता पलीकडची बोटे अंधुक दिसतील असा पडदा झाला की मळणे पुरे. फळे आणि किसलेली साल त्यानंतर. पीठ चपटे करून, वर पसरून, घड्या घालत मिसळावीत. आधीच घातली तर बेदाणे फुटतात आणि पीठ काळपट पडते.

पहिले फुगणे या तापमानाला तासाभरात होते, मसाला जास्त तिखट असेल तर सव्वा तास. घड्याळापेक्षा भांडे बघावे. सरळ बाजूंच्या डब्यात पीठ ठेवून बाहेरून रबरबँड लावला तर पावणेदोन पट झाले की कळते. दुप्पट होण्याची वाट बघू नये. आपल्या उष्णतेत पावणेदोनापासून अडीच पटीपर्यंत ते फार लवकर जाते. झाकण घट्ट हवे. वर पंखा फिरत असेल आणि पीठ नुसत्या फडक्याखाली असेल तर वर कोरडी साय धरते, आणि तीच पुढे बनवर भेगा होऊन दिसते.

पीठ साधारण ९७० ग्रॅम भरेल. ८० ग्रॅमचे बारा भाग वजनावरच करावेत, नजरेने नव्हे. लहान-मोठे झाले की लहान करपतात आणि मोठे आतून कच्चे राहतात. प्रत्येक भागाच्या कडा खाली दुमडून, कोरड्या ओट्यावर पंजाच्या पिंजऱ्यात गोल फिरवावा, वरची कातडी ताणली गेली पाहिजे. सैल वळलेला बन आडवा पसरतो. वर डोकावणारे बेदाणे काढून खालच्या बाजूला खोचावेत, ओव्हनमध्ये पहिल्यांदा तेच जळतात आणि जळलेला बेदाणा कडू असतो. २३ गुणिले ३० सेंटीमीटरच्या ट्रेमध्ये तीन-तीनच्या चार ओळी, मध्ये एक सेंटीमीटर जागा सोडून. भाजताना ते एकमेकांना टेकतात आणि लादी पावासारख्या मऊ कडा मिळतात. सुटे कडक बन हवे असतील तर दोन ट्रे करावेत, पण मऊपणा गमवाल.

दुसरे फुगणे ३५ ते ४५ मिनिटे. बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवटच भरून आला तर बन तयार. लगेच उसळून भरला तर अजून वेळ आहे. या अवस्थेत भाजले तर बाजूने फुटतात. भरलाच नाही तर उशीर झाला, तेव्हा क्रॉस नाजूक हाताने काढून लगेच भट्टीत टाकावेत, कारण दर मिनिटाला ते बसत जाणार. ओव्हन तापायला पंधरा मिनिटे लागतात हे लक्षात घेऊन फुगण्याच्या मध्यावरच चालू करावा.

क्रॉससाठी ६० ग्रॅम मैदा, ५५ ते ६० मिली पाणी, चमचाभर तेल. गुठळ्या मोडून दहा मिनिटे ठेवावे. चमच्यातून हे मिश्रण जाड फितीसारखे पडावे आणि पडल्यावर क्षणभर आकार धरावा. पातळ झाले तर बनवरून ओघळून ट्रेला चिकटते, घट्ट झाले तर भाजताना बन फुगतो आणि पट्टी तुटते. दुधाची रिकामी पिशवी स्वच्छ धुऊन, कोपरा चार मिलीमीटर कापून, त्यातून आधी सगळ्या ओळींवर उभ्या सलग रेषा ओढाव्यात, मग आडव्या. एकेका बनवर वेगळा क्रॉस काढत बसू नये. आधी बनवर दूध किंवा अंडे लावायचे असेल तर ते क्रॉसच्या आधी. नंतर लावले तर पांढरी रेषा तपकिरी होते. दुसऱ्या फुगण्याआधी क्रॉस काढला तर तो ताणून विरतो. साखरेच्या आयसिंगचा क्रॉस काही जण देतात. आपल्या दमट हवेत तो तासाभरात पाघळतो, शिवाय खाताना बन नुसताच गोड लागतो. क्रॉस पिठाचाच बरा.

ओटीजीत वरचे-खालचे दोन्ही रॉड, १९० अंश, मधल्यापेक्षा एक घर खाली, १८ ते २० मिनिटे. छोट्या ओव्हनचे बटण आणि आतले तापमान यांत वीस-वीस अंशांचा फरक असू शकतो. आत ठेवायचा साधा ओव्हन-थर्मामीटर हा फरक एकदाच दाखवून देतो. बारा मिनिटांनंतर वरून फार रंग चढला तर ॲल्युमिनियम फॉइल सैल टाकावी. काळ्या पातळ ट्रेमध्ये तळ जळत असेल तर खाली दुसरा ट्रे घालावा. मधल्या बनमध्ये थर्मामीटर ९० ते ९३ अंश दाखवतो तेव्हा बन झाला. कमी तापमानावर जास्त वेळ भाजले तर वरचे कवच जाड आणि आतला गर कोरडा होतो. ‘नीट शिजावे म्हणून आच कमी केली’ याचा परिणाम हाच. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये पंखा असल्याने १८० पुरतात, खालची जाळी, १६-१८ मिनिटे. त्यात मायक्रोवेव्ह चालू राहील अशी ‘कॉम्बी’ पद्धत वापरू नये, बन थंड होताच चामड्यासारखा होतो. कढईत वाळू किंवा मीठ घालून बन भाजता येतात, तळ छान होतो, पण वरून उष्णता नसल्याने रंग येत नाही आणि पांढऱ्या बनवर पांढरा क्रॉस दिसतच नाही. चवीपुरते चालेल.

बेकरीतला बन याहून हलका का असतो, असे विचारणारे असतात. भट्टीची दगडी फरशी आणि घुमट साठवलेली उष्णता खालून-वरून एकदम देतात, हे एक कारण. दुसरे, पिठातली सुधारक द्रव्ये. त्यांतले पोटॅशियम ब्रोमेट २०१६ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने परवानगीच्या यादीतून काढून टाकले. इतर काही अजून चालतात. लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्याव्यात, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. तेव्हापासून ‘आता भट्टीची चव गेली’ अशी हळहळ ऐकू येते. लादी पाव आणि कडक ब्रून पावाबाबत तिच्यात तथ्य असेल, पण या बनमध्ये धुराला तसेही स्थान नव्हते. दालचिनी आणि धूर एकत्र बरे लागत नाहीत.

पवित्र गुरुवारी रात्री तयारी करून शुक्रवारी सकाळी ताजे बन हवे असतील तर यीस्ट ४ ग्रॅम करावे. बन वळून, तेल लावलेल्या प्लास्टिकखाली ट्रे दहा मिनिटे बाहेर आणि मग फ्रिजमध्ये, सगळ्यात मागे, आठ ते दहा तास. दारातल्या कप्प्याशेजारी ठेवू नये. दार उघडझाप झाले की तिथे दहा-बारा अंश होतात आणि बन रात्रीतच जास्त फुगतात. सकाळी पाऊण ते एक तास बाहेर, मग क्रॉस आणि ओव्हन. थंडाव्यात सावकाश फुगलेल्या पिठाला मसाल्याचा वासही जास्त चांगला लागतो, त्यामुळे वेळ असेल तर हीच पद्धत घ्यावी.

गुड फ्रायडेशी या बनचे नाते जुने आहे. १५९२ मध्ये लंडनच्या बाजार-अधिकाऱ्याने मसालेदार पाव अंत्यविधी, नाताळ आणि गुड फ्रायडे एवढ्या प्रसंगांखेरीज विकायला बंदी घातली होती. ‘हॉट क्रॉस बन’ हे नाव १७३३ च्या एका इंग्रजी पंचांगात छापलेले सापडते. म्हणजे ज्या मसाल्यासाठी जहाजे आपल्या किनाऱ्यांपर्यंत आली, तो तिथे वर्षातून मोजक्या दिवशीच पावात घालता येत असे. आपल्याला तशी मनाई नाही, मसालाही दारात आहे, तेव्हा तो जुना डब्यातला वापरू नये. दोन वर्षे पडून असलेल्या दालचिनीच्या पुडीला वास उरत नाही आणि मग लोक प्रमाण वाढवतात.

बन ओव्हनमधून निघाल्याबरोबर वरून पाक लावायचा. सालीचा उरलेला पाक थोडे पाणी घालून उकळी आणला की तोच पुरतो. नाहीतर दोन चमचे साखर, दोन चमचे पाणी. एकच हलका हात मारावा. आपल्या दमटपणात जाड पाक वाळत नाही आणि बन बोटांना चिकटतात. पाच मिनिटांत ट्रेमधून काढून जाळीवर ठेवावेत, ट्रेमध्येच राहिले तर वाफेने तळ ओला होतो. पूर्ण गार होण्याआधी डब्यात भरू नयेत. बाहेर दोन दिवस राहतात. तिसऱ्या दिवशी या हवेत बुरशीची वाट बघावी लागत नाही. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नयेत, तिथे स्टार्च सगळ्यात वेगाने कडक होतो आणि एका रात्रीत बन शिळा लागतो. उरलेले बन गार झाल्यावर त्याच दिवशी पिशवीत बंद करून थेट फ्रीझरमध्ये टाकावेत, महिनाभर चांगले राहतात. खाताना आडवे कापून तव्यावर कापलेली बाजू खाली करून मंद आचेवर भाजावेत आणि गरम असतानाच लोणी लावावे. तवा फार तापू देऊ नये, साखर असल्याने हे बन साध्या पावाच्या निम्म्या वेळात करपतात.

आपली,
एक वाचक
वांद्रे (पश्चिम), मुंबई